चित्रपट संपल्यावर

एकत्र कुटुंबपद्धती मोडली, हे वाक्य आपण वक्तृत्व स्पर्धांतून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे दुःखही वाटेनासे झाले आहे. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. दहा-बारा माणसांचे कुटुंब मोडले हे खरे. पण उरलेल्या चौघांचे कुटुंब तरी एकत्र आहे काय? दिवेलागणीनंतर कोणत्याही घरात डोकावून पाहावे. वडील बाहेरच्या खोलीत बातम्यांसमोर बसलेले असतात. आई पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून मालिका ऐकत ऐकत पोळ्या लाटत असते. धाकटा भाऊ कोपऱ्यात क्रिकेट पाहतो आणि आपण कानात इअरफोन घालून तिसरेच काही पाहत असतो. माणसे चार आणि पडदेही चार. भांडण नाही, तंटा नाही. आणि संवादही नाही!

म्हणून या लेखात मी एक साधी सूचना मांडणार आहे. महिन्यातून एका रात्री घरातल्या सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा. तो एखादा विषय मनात धरून निवडावा. सोबत काही खायला असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्रपट संपल्यावर निदान अर्धा तास कुणीही जागचे उठू नये. सूचना ऐकायला किरकोळ वाटेल. पण घरात बोलायचे कुणी आणि ऐकायचे कुणी, हा तिच्या पोटातला प्रश्न काही किरकोळ नाही.

चित्रपट आणि कुटुंब यांचे नाते आपल्याकडे मुळापासूनचे आहे. दादासाहेब फाळके १९११ च्या सुमारास आपल्या मुलाला घेऊन गिरगावात चित्रपट पाहायला गेले. मुलाने घरी येऊन पडद्यावर हलणाऱ्या प्राण्यांची हकीकत सांगितली, तेव्हा आईला ती खरी वाटेना. मग सरस्वतीबाईंनाही तो चमत्कार दाखवायला नेले. त्या वेळी पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र होते, आणि ते पाहता पाहता आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येतील, हा विचार फाळक्यांच्या मनात आला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्याचे मूळ असे एका कुटुंबाने चित्रपट पाहण्यात आणि त्यावर घरी बोलण्यात आहे.

या कथेतला पुढचा भाग आपण सहसा विसरतो. त्या चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईच करीत. शिवाय फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामेही त्यांनी केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती झालेले अण्णा साळुंके तर एका खाणावळीत काम करणारे! म्हणजे आपला पहिला चित्रपट घराच्या अंगणात आणि चुलीच्या उबेतच वाढला. पण इतिहासात नाव राहिले ते दादासाहेबांचे. सरस्वतीबाईंची आठवण क्वचितच निघते. स्वयंपाकघरात राबणारे माणूस कथेतून बाहेर राहते, हाही आपल्या घरांचा जुनाच परिपाठ आहे. त्याकडे मी पुढे येणार आहे.

कुणी म्हणेल, मिळून चित्रपट पाहण्यात नवे ते काय? जत्रेतल्या तंबूत गावच्या गाव बसत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढची कितीतरी वर्षे शनिवार-रविवारच्या चित्रपटाला ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी सारी चाळ लोटत असे, असे आईवडिलांकडून आपण ऐकतोच. हे सारे खरे आहे. त्या गर्दीची गोडी मी नाकारीत नाही. पण एकत्र पाहणे म्हणजे एकत्र बोलणे नव्हे. चित्रपट संपला की सतरंजी झटकून जो तो आपापल्या घरी जात असे. डोळे पुसले जात, पण डोळ्यांत पाणी का आले, हे कुणी कुणाला विचारीत नसे. त्या काळाबद्दल नुसते उसासे टाकून आपले काम भागणार नाही. त्या वेळी जे राहून गेले ते आता करायचे आहे.

त्यासाठी लागणारे वळण आपल्या संस्कृतीत आहेच. साने गुरुजींची 'श्यामची आई' आठवा. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना झाल्यावर श्याम एकेक आठवण सांगतो आणि मित्र ऐकतात. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण होते आणि मग उत्तररंगात आख्यान. आपण फक्त क्रम उलटा करायचा, म्हणजे आधी आख्यान पाहायचे आणि मग निरूपण करायचे. फरक एवढाच की, या निरूपणाला बुवा एक नसावा. घरातल्या प्रत्येकाला आळीपाळीने बुवा होता आले पाहिजे.

आता विषय कसा निवडावा? एका रात्री एक चित्रपट पाहावा आणि पुढच्या महिन्यात त्याच प्रश्नावरचा दुसरा. समजा, 'घरातल्या बाईचा नकार' हा विषय घेतला. व्ही. शांतारामांचा 'कुंकू' १९३७ चा. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातने तो काढला. शांता आपट्यांची नीरा फसवणुकीने म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली जाते आणि ते लग्न मानायलाच नकार देते. डॉ. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ चा. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून दूर गावी जाते. दोन चित्रपटांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. नीरेला नको असलेल्या लग्नाला नाही म्हणायचे होते. सुलभाचे लग्न चांगल्या घरात झाले आहे. तरीही तिला काहीतरी हवे आहे. पहिलीची बाजू घेणे आज सोपे आहे. दुसरीची बाजू घेताना घराघरांत अजून आवाज खाली येतात. हे दोन चित्रपट जवळजवळ ठेवले की, आपण किती पुढे आलो आणि कुठे अडलो, हे कुणी भाषण न करताही समजते.

आमच्या घरी 'कुंकू' पाहिला तेव्हाची गोष्ट सांगतो. चित्रपट संपल्यावर वडिलांनी शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाची वाखाणणी केली, मी ध्वनीच्या वापरावर चार शब्द बोललो. आजी गप्प होती. आईने सहज विचारले, "आत्याबाई, तुम्हाला कोण आवडलं?" आजी म्हणाली, "मला त्या म्हाताऱ्याची कीव आली." आम्ही चपापलो. मग ती हळूहळू सांगू लागली. तिच्या थोरल्या बहिणीला अशीच बिजवराला दिली होती. माणूस वाईट नव्हता. बहिणीने सोळा वर्षे निमूट संसार केला आणि ती गेली. "तिनं कधी आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटलं," आजी म्हणाली. ही हकीकत माझ्या वडिलांनीही त्यापूर्वी ऐकली नव्हती. पन्नास-साठ वर्षे एका घरात वावरलेली गोष्ट. तिला बाहेर यायला नीरेचे बोट धरावे लागले.

माझ्या म्हणण्याचे सार या प्रसंगात आहे. घरातले अवघड प्रश्न थेट विचारता येत नाहीत. "तुमच्या मनाविरुद्ध लग्न झाले का?" असे आजीला कोण विचारणार? "मी परगावी नोकरीला जाऊ का?" असे मुलीने विचारले की क्षणात हो-नाहीचा निवाडा होतो आणि विषय मिटतो. पण सुलभाने जावे की न जावे, यावर तास-दीड तास बोलता येते. बोलणारे सुलभेबद्दल बोलतात आणि ऐकणारे बरोबर ओळखतात. लगेच काही निर्णय होत नाही, होण्याची गरजही नाही. जो शब्द घरात उच्चारलाच जात नव्हता तो एकदा उच्चारला गेला की, दुसऱ्यांदा उच्चारणे इतके जड जात नाही.

आता खाण्याविषयी. काहींना हा भाग गौण वाटेल. मला तो कळीचा वाटतो. "आज सगळे मिळून चित्रपट पाहू या, मस्त गरमागरम भजी होऊन जाऊ देत," असे उत्साहाने म्हटले जाते. मग सगळे पाहतात आणि एक माणूस भजी तळते. चित्रपटातला महत्त्वाचा प्रसंग चाललेला असतो तेव्हा आई झारा हातात घेऊन दारात उभी राहते आणि "काय झालं रे आत्ता?" असे विचारते. शेवटी चर्चेच्या वेळी ती काय बोलणार? तिने चित्रपट पाहिलेलाच नसतो. 'उंबरठा' पाहताना जर घरातली बाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच उभी राहणार असेल, तर तो चित्रपट न लावलेला बरा.

म्हणून नियम असा की, तव्यावरून ताटात पडणारे काहीही त्या रात्री नको. सांगली-कोल्हापूरकडचे भडंग, दडपे पोहे, दुपारीच करून ठेवलेली थालीपिठे आणि दही, किंवा सरळ भेळ. चुरमुरे, शेव, कांदा, कैरी, चिंचेची चटणी अशी निरनिराळी भांडी मध्ये ठेवावीत आणि ज्याने त्याने आपली भेळ कालवून घ्यावी. कांदा पुरुषांनी चिरावा. डोळ्यांत पाणी यायला चित्रपटाची वाट पाहायला नको! भोंडल्यात खिरापत ओळखायची असते, तशी गंमत इथेही करता येते. ज्याची पाळी असेल त्याने चित्रपटाशी नाते सांगणारा एखादा पदार्थ झाकून आणावा आणि बाकीच्यांनी ओळखावा. कोजागरीला आपण जागतोच. मसाल्याच्या दुधाबरोबर एक चित्रपट पाहिला आणि त्यावर बोललो, तर जागरणाचे सार्थकच होईल.

मात्र इथे एक भान ठेवायला हवे. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री' पाहताना भाकरी-ठेच्याचा बेत करून गरिबीची सहल काढू नये. शाळेतल्या मुलांच्या देखत जब्याला डुकराच्या मागे धावावे लागते. मारलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. शेवटचा दगड तर सरळ आपल्याच अंगावर येतो. त्या रात्री कपभर चहा पुरे. आणि बोलायचेच तर दूरच्या खेड्यातल्या जातीयतेवर हळहळू नये. आपल्या घरी पाहुण्याचे आडनाव विचारले जाते ते कशासाठी, यावर बोलावे. अवघड आहे खरे. पण अवघड आहे म्हणूनच बोलायचे.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, चित्रपट ही करमणूक आहे, तिची शाळा कशाला करता? आक्षेप रास्त आहे. चित्रपटातून काय बोध घेतला, हा प्रश्न विचारला की घराचा वर्ग होतो आणि धाकटे भाऊ झोपी जातात. त्यापेक्षा, तुला राग कुणाचा आला, तू त्या जागी असतास तर काय केले असतेस, असे विचारावे. विनोदी चित्रपटही अवश्य निवडावा. माणसे कशाला हसतात यावरूनही त्यांची ओळख पटते. दुसरा आक्षेप असा की, यातून वाद होतील. होतीलच. पण घरात आजही वाद आहेत, ते फक्त मुके आहेत. मुका वाद वर्षानुवर्षे टिकतो. बोलता वाद भेळीबरोबर संपण्याची निदान शक्यता असते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. सर्वांत कमी बोलणाऱ्याने सर्वांत आधी बोलावे. आणि आपण महाविद्यालयीन मंडळींनी सर्वांत शेवटी! चार समीक्षेची पुस्तके वाचल्याने आपल्याला चित्रपट अधिक कळतो हे क्षणभर मान्य केले, तरी आयुष्य आजीला अधिक कळते.

संदीप सावंत यांच्या २००४ च्या 'श्वास'मध्ये शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार, हे कळल्यावर आजोबा त्याला शहर दाखवायला बाहेर घेऊन जातात. दिसते आहे तोवर पाहून घे, एवढेच त्यांना म्हणायचे असते. 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने सुवर्णकमळ मिळवणारा हा मराठी चित्रपट आपल्या घरांना तेच सांगतो असे मला वाटते. आपली आजी आहे, आईवडील आहेत, ऐकू येते आहे, बोलता येते आहे. तोवर विचारून घ्यावे.

मित्रहो, वार्षिक परीक्षा संपली की आपल्यातले वसतिगृहवासी घरोघरी जातील. सुट्टीतल्या पहिल्याच शनिवारी मोबाईल एका टोपलीत ठेवायला लावा, सतरंजी अंथरा आणि चित्रपट निवडण्याचा पहिला मान आईला द्या. तिने काहीही निवडले तरी नाक मुरडू नका. आणि चित्रपट संपल्यावर दिवा लावायची घाई करू नका. काही गोष्टी माणसांना अंधारातच सांगता येतात.