औषध हरवते तेव्हा संशय कोणावर?

रुग्णालयाच्या कपाटात मॉर्फिनचे एक अँप्युल कमी भरले, की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'चावी कोणाकडे होती?' हा. चावी बहुतेक वेळा परिचारिकेकडेच असते. औषध लिहून देतो डॉक्टर, पुरवठा करते औषध भांडार आणि खरेदी ठरवते प्रशासन. मात्र रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा आणि रजिस्टरमध्ये सही करणारा शेवटचा हात परिचारिकेचा असतो. साहजिकच या साखळीत तूट कोठेही पडलेली असली, तरी जाब याच हाताला विचारला जातो.

हा संशय कधी खरा ठरतो, तर कधी सपशेल खोटा. गेल्या पंचवीस वर्षांत देशोदेशी गाजलेली प्रकरणे पाहिली, की दोन्ही शक्यतांची किंमत किती मोठी आहे याची कल्पना येते. निर्दोष परिचारिकेवर ठपका ठेवला तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त होतेच, शिवाय खरा गुन्हेगार मोकळा राहतो. दुसरीकडे, बदनामीच्या भीतीने प्रकरण दडपले तर वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या शिरेत औषधाऐवजी मिठाचे पाणी जाते. दोन्हीकडे अखेर नुकसान होते ते रुग्णाचेच.

स्टॉकपोर्टचा धडा

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट येथे स्टेपिंग हिल हे सरकारी आरोग्यसेवेचे रुग्णालय आहे. जुलै २०११ मध्ये तेथील काही रुग्णांच्या रक्तातील साखर अकारण घसरत असल्याचे एका परिचारिकेच्या लक्षात आले. तिने ही बाब वरिष्ठांच्या कानावर घातली आणि तपासणीत सलाइनमध्ये इन्सुलिन मिसळल्याचे उघड झाले. त्यानंतर काही दिवसांतच पोलिसांनी त्याच रुग्णालयातील २७ वर्षांच्या एका परिचारिकेला अटक केली. सलाइनमध्ये भेसळ केल्याच्या आरोपाबरोबरच तिच्यावर रुग्णालयातील औषधे चोरल्याचाही आरोप होता. इंटरनेटवरील तिची खासगी छायाचित्रे ब्रिटिश वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकली आणि खटला उभा राहण्याआधीच लोकांनी आपला निकाल देऊन टाकला.

सुमारे सहा आठवडे तुरुंगात काढल्यावर, २ सप्टेंबर २०११ रोजी अभियोग पक्षाने तिच्यावरील आरोप मागे घेतले. खटला चालवण्याजोगा पुरावाच हाती नव्हता. त्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये, याच रुग्णालयातील औषधपत्रकांवरील नोंदींमध्ये फेरफार झाल्याचे आढळले आणि व्हिक्टोरिनो चुआ हा परिचारक पकडला गेला. दोन रुग्णांचा खून आणि इतर अनेकांवरील विषप्रयोग याबद्दल मे २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. किमान ३५ वर्षे तुरुंगात राहावे लागेल, असा न्यायालयाचा आदेश आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. साऱ्या देशाचे लक्ष एका निर्दोष परिचारिकेकडे लागले असताना खरा गुन्हेगार त्याच रुग्णालयात कामावर येत होता.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्या परिचारिकेने रुग्णालयातील काही औषधे स्वतःसाठी घेतली होती, हे खरे होते. तिने ते मान्य केले आणि डिसेंबर २०११ मध्ये रुग्णालयाने तिला त्याच कारणावरून बडतर्फ केले. औषधचोरी हा गैरप्रकारच होता व त्याची शिक्षा तिला मिळाली. परंतु 'जी गोळ्या चोरते, ती विषही घालू शकते' या तर्काने एका लहान अपराधाला खुनाच्या संशयाचा आधार बनवले. औषधे कमी भरणे आणि रुग्णाला इजा होणे या दोन स्वतंत्र घटना असू शकतात, याचे भान सुटले की तपास भरकटतो.

'तीच ड्यूटीवर होती'

संशयाला हमखास बळ देणारा पुरावा म्हणजे ड्यूटीचा तक्ता. औषध कमी भरले वा रुग्ण दगावला, त्या प्रत्येक वेळी अमुक परिचारिका कामावर होती, असे तक्ता मांडून दाखवले की ऐकणाऱ्याला तो गणिती पुरावा वाटतो. हा पुरावा किती फसवा असतो, हे नेदरलँड्समधील लुसिया द बेर्क हिच्या खटल्याने दाखवून दिले.

हेग शहरातील एका बालरुग्णालयात सप्टेंबर २००१ मध्ये एका अर्भकाचा मृत्यू झाला. त्यानंतर लुसियाच्या पाळीतील जुनी प्रकरणे उकरून काढण्यात आली. इतक्या घटनांच्या वेळी एकच परिचारिका योगायोगाने हजर असण्याची शक्यता ३४ कोटींत एक आहे, असे न्यायालयात सांगण्यात आले. २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी ही आकडेमोड तपासली तेव्हा तिच्या मुळाशीच दोष आढळला. कोणती घटना 'संशयास्पद' मानायची, हे ठरवताना लुसिया त्या वेळी हजर होती का, हेच आधी पाहिले गेले होते. तिच्या गैरहजेरीत घडलेल्या तशाच घटनांकडे मात्र कोणी वळूनही पाहिले नव्हते. फेरखटल्यात वैद्यकीय पुरावाही टिकला नाही आणि १४ एप्रिल २०१० रोजी तिची निर्दोष मुक्तता झाली. तोपर्यंत तिची सहाहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती आणि तेथेच तिला पक्षाघाताचा झटकाही आला होता.

हा धडा औषधांच्या हिशेबालाही लागू पडतो. ज्या परिचारिकेला रात्रपाळ्या जास्त, अतिदक्षता विभागातील नेमणुका जास्त आणि अत्यवस्थ रुग्ण जास्त, तिच्या हातून गुंगीची व वेदनाशामक औषधेही जास्त जाणार. काम जास्त करणारीच्या नावापुढे नोंदी जास्त दिसतात आणि चुकाही तिच्याच वाट्याला अधिक येतात. तक्ता वाचणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर तिची कष्टाळू वृत्तीच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

दुसरी बाजूही तितकीच खरी

असे असले तरी, परिचारिकांवरील प्रत्येक संशय हा अन्यायच असतो, असे समजणे रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वंध्यत्व उपचार केंद्रात २०२० साली नेमके तेच घडले. तेथील एक परिचारिका जून ते ऑक्टोबर या काळात फेंटानिलच्या कुप्यांमधील औषध काढून घेऊन त्याजागी सलाइन भरत होती. ती स्वतः व्यसनाच्या आहारी गेली होती. केंद्रात स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया होत असे. त्या वेळी असह्य वेदना होत असल्याचे अनेक महिलांनी सांगितले. त्यांना मात्र 'एवढे औषध दिले आहे, आणखी देता येणार नाही' अशा अर्थाची उत्तरे मिळाली. रजिस्टरमध्ये औषध दिल्याची नोंद होती. नोंद खरी मानली गेली आणि रुग्णाचा शब्द खोटा ठरला.

त्या काळात केंद्राने वापरलेल्या फेंटानिलपैकी सुमारे तीन चतुर्थांश साठ्यात भेसळ झालेली होती. परिचारिकेने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. तिला चार शनिवार-रविवार तुरुंगात, तीन महिने घरात स्थानबद्धता आणि तीन वर्षे देखरेख अशी शिक्षा झाली. औषधांच्या हिशेबात हलगर्जी केल्याबद्दल विद्यापीठालाही तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चोरी एका व्यक्तीने केली, पण ती पाच महिने चालू राहिली, याची जबाबदारी व्यवस्थेवर ठेवण्यात आली.

प्रकरण दडपण्याचे परिणाम याहूनही भयंकर असतात. अमेरिकेतच न्यू हॅम्पशायर राज्यातील एक्सेटर येथील रुग्णालयात २०१२ मध्ये हेपटायटिस सीची साथ उघडकीस आली. तेथील एक तंत्रज्ञ फेंटानिलच्या सिरिंज पळवून स्वतःला टोचून घेई आणि त्याच सिरिंजमध्ये सलाइन भरून परत ठेवी. तो स्वतः हेपटायटिस सीने बाधित होता. एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये ३२ रुग्णांना त्याच्यामुळे लागण झाली. याआधी तो अनेक राज्यांतील रुग्णालयांत कंत्राटी पद्धतीने काम करत फिरला होता आणि ॲरिझोनात तर तो स्वच्छतागृहात सिरिंजसह बेशुद्ध सापडला होता. तरीही त्याला पुढची नोकरी मिळत गेली. कामावरून काढले की आपली जबाबदारी संपली, असे मानण्याची किंमत पुढच्या रुग्णालयातील रुग्णांनी मोजली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव सर्वसामान्यांना झाली ती एप्रिल २०२१ मध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरसाठी नातेवाईक रांगा लावत असताना, रुग्णाच्या नावावरचे इंजेक्शन बाहेर काळ्या बाजारात विकल्याच्या आरोपावरून नागपूरसह अनेक शहरांत रुग्णालय कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्या घटनांनी रुग्णालयातील प्रत्येक सिस्टर आणि वॉर्डबॉयकडे पाहण्याची नजर काही काळ तरी बदलली.

परंतु रोजच्या व्यवहारात औषध कमी भरण्याची कारणे बहुतांशी साधी असतात. शेजारच्या वॉर्डात औषध संपले म्हणून मध्यरात्री उसने दिलेले इंजेक्शन सकाळी परत येत नाही. रुग्णाचे हृदय बंद पडते तेव्हा डॉक्टर तोंडी आदेश देतात, औषध तत्काळ दिले जाते आणि नोंद करायची राहून जाते. अँप्युल हातातून पडून फुटते. दोन मिलिलिटरच्या फेंटानिलच्या अँप्युलमधील निम्मेच औषध लागते. उरलेले दुसऱ्या कोणासमोर टाकून द्यावे आणि दोघांनी सही करावी, हा नियम. पण रात्रपाळीला वॉर्डात एकच परिचारिका असेल, तर साक्षीला दुसरी आणायची कोठून? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या सरकारी रुग्णालयांतील गर्दीचे वॉर्ड ज्याने पाहिले आहेत, त्याला हे प्रमाण कागदावरच राहते हे वेगळे सांगायला नको.

खासगी रुग्णालयात हा वाद बिलावरून सुरू होतो. नातेवाइकांनी दहा इंजेक्शने आणून दिली, दिली गेली आठ. मग दोन गेली कोठे? ती फार्मसीत परत गेली असतील, डॉक्टरांनी मात्रा बदलली असेल किंवा खरोखरच कोणी लांबवली असतील. उत्तर काहीही असले तरी, नातेवाइकांच्या रागाला सर्वप्रथम सामोरी जाते ती खाटेजवळ उभी असलेली सिस्टर.

चौकशीची रीतही सर्वांसाठी सारखी नाही. सरकारी सेवेतील अधिपरिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ चे संरक्षण असते. निलंबन झाले तरी निर्वाह भत्ता मिळतो, दोषारोपपत्र द्यावे लागते आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. कंत्राटी किंवा खासगी परिचारिकेला मात्र 'उद्यापासून येऊ नका' एवढे एक वाक्य पुरते. हरवलेल्या औषधाची पगारातून वसुली होते किंवा मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जातात, या परिचारिकांच्या जुन्या तक्रारी आहेत. चोरीचा शिक्का न पुसता ती पुढच्या नोकरीला जाते. आणि ती खरोखरच दोषी असेल, तर पुढच्या रुग्णालयाला त्याचा पत्ताही लागत नाही.

भीतीने वेदना वाढतात

कडक कायद्याने प्रश्न सुटेल, असे वाटणाऱ्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्याचा इतिहास आठवावा. १९८५ च्या या कायद्यातील जबर शिक्षा आणि परवान्यांची गुंतागुंत यांमुळे देशातील असंख्य रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. नोंदीत चूक झाली तर तुरुंगात जावे लागेल, ही भीती त्यामागे होती. परिणामी कर्करोगाचे रुग्ण अखेरच्या दिवसांत वेदनाशामकाविना तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांसाठी देशभर एकसमान व सुटसुटीत नियमांचा मार्ग मोकळा झाला. तरीही कायद्याची धास्ती पुरती गेलेली नाही. संशयाच्या छायेत काम करणारी परिचारिका वेदनाशामक देताना हात आखडता घेणार, हे उघड आहे. तिची भीती अखेर रुग्णाला सोसावी लागते.

मग उपाय काय? तो हिशेबाच्या पद्धतीतच शोधावा लागेल. गुंगीच्या औषधांची मोजणी प्रत्येक पाळीला, चार्ज देणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोघींनी मिळून करावी. उसनवारीची नोंद सक्तीची असावी. तोंडी आदेशावर डॉक्टरने ठरावीक वेळेत सही करावी. उरलेले औषध टाकताना साक्षीदार मिळेल इतके मनुष्यबळ रात्रीही असावे. तूट आढळली तर पहिली चौकशी भांडारापासून खाटेपर्यंतच्या संपूर्ण साखळीची व्हावी, एकट्या चावीधारकाची नव्हे. व्यसनाच्या आहारी गेलेल्या कर्मचाऱ्याला रुग्णांपासून तत्काळ दूर करून उपचारांची वाट मोकळी ठेवावी. दोष सिद्ध झाल्यास महाराष्ट्र परिचर्या परिषदेला कळवणे बंधनकारक असावे; सिद्ध न झाल्यास तसे लेखी देणेही तितकेच बंधनकारक असावे.

आणि या सगळ्याच्या आधी, 'औषध देऊनही दुखते आहे' असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याचे ऐकून घ्यावे. येलमधील महिलांचे म्हणणे वेळीच कोणी गंभीरपणे घेतले असते, तर ती चोरी पाच महिने चालली नसती. रजिस्टरमधील सही तपासण्याचे ते सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. दोषी परिचारिका त्याने लवकर सापडते आणि निर्दोष परिचारिकेलाही तेच वाचवते.