शेवटचं स्टेशन आष्टी?

शुक्रवारची संध्याकाळ. कोडमध्ये एक साधासा बदल केलाय, जेमतेम बारा ओळींचा. टेस्ट रन केल्या आणि स्क्रीनवर लालच लाल! कोड बरोबर आहे, तरी चाळीस टेस्ट बोंबलतायत. शेजारच्या क्युबिकलमधून सल्ला येतो, 'कमेंट करून टाक रे, सोमवारी बघू.' हिंजवडी असो की खराडी, हा सोमवार काही उगवत नाही. त्या चाळिसांतली एखादी टेस्ट खरी चूक पकडत असेल, तर तीही गप्प बसते.

असं का होतं? बीड जिल्ह्यातल्या आष्टीचंच बघा ना. (तिकडच्या मंडळींनी कॉलर टाइट करावी!) २३ सप्टेंबर २०२२ ला अहमदनगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. साधारण ६६ किलोमीटर, शेवटचं स्टेशन आष्टी. समजा, तेव्हा तुम्ही तिकिटाचं सॉफ्टवेअर लिहीत होतात. भाड्याच्या प्रत्येक टेस्टमध्ये बिनधास्त लिहून टाकलंत, 'अहमदनगरहून निघायचं, यादीतल्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, भाडं ६६ किलोमीटरचं.' पास! सगळं हिरवंगार.

मग २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पुढे स्टेशनची पाटीही बदलली. १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत गेली आणि आष्टी मधलं स्टेशन झालं. भाड्याचा हिशेब करणारा कोड जागच्या जागी, टेस्ट मात्र धडाधड आडव्या.

कारण त्या नियम तपासतच नव्हत्या, त्या दिवसाचं टाइमटेबल पाठ करत होत्या. भाडं तपासायचंय ना? मग टेस्टपुरता आपला छोटा मार्ग बनवा. अ, ब, क अशी तीन स्टेशनं, अंतरं आपण ठरवलेली. खरी गाडी परळीपर्यंत जाऊ दे, या टेस्टला फरक पडत नाही. खऱ्या स्टेशनांची यादी तपासायला एक वेगळी टेस्ट ठेवा. ती मोडलीच पाहिजे, तिचं कामच ते.

तिकीट तयार करणारा कोडही प्रत्येक टेस्टमध्ये चिकटवू नका. 'एक साधं तिकीट दे' एवढंच करणारं एक फंक्शन लिहा. उद्या तिकिटावर मोबाइल नंबर आला, तर चाळीस ठिकाणांऐवजी एकाच ठिकाणी हात लावायचा.

आणि मॉक! हे फॅड जरा आवरा, बॉस. आधी हे फंक्शन बोलावलं, मग ते बोलावलं, असं तपासणं म्हणजे एसटीत बसून ड्रायव्हरनं गिअर कधी टाकला ते मोजणं. आपल्याला गावी पोचल्याशी मतलब. पैसे कापल्यावरच तिकीट निघावं, अशा ठिकाणी क्रम जरूर तपासा, तिथे तो नियमच असतो.

जेरार्ड मेस्झारोसनं २००७ च्या 'एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स' या पुस्तकात अशा टेस्टना 'फ्रॅजाइल टेस्ट' म्हटलंय. जाडजूड ठोकळा आहे, सलग वाचायच्या भानगडीत पडू नका. तेवढं प्रकरण मात्र टीमलीडच्या टेबलावर उघडं ठेवायला हरकत नाही.