तुटलेला धागा आणि दादाचा कॉल

गेल्या रविवारी दादाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. आईने विचारलं, "जेवलास का रे?" पलीकडे शांतता. तिने पुन्हा विचारलं, तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन धडकलं. मग दोघंही एकदम बोलली, दोघंही एकदम थांबली. कॉल संपल्यावर आई म्हणाली, "त्याला हल्ली बोलायचा कंटाळा येतो वाटतं."

कंटाळा कसला, पाकिटं हरवत होती!

आवाज इंटरनेटवरून साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, एकेका पाकिटातून जातो. दादा ऑफिसच्या लॅपटॉपवरून, टीसीपीवर चालणाऱ्या व्हीपीएनमधून बोलत होता. टीसीपी म्हणजे अगदी आमच्या भिवंडीचा माग. आडवा धागा तुटला की माग बंद. आधी धागा जोडा, मगच पुढे. कापडाला तेच योग्य. फाइल पाठवायलाही तेच योग्य.

पण बोलणं म्हणजे कापड नव्हे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे "पुन्हा पाठव" हा निरोप जाऊन तुकडा येईपर्यंत किमान 125 मिलिसेकंद गेले, आणि तोवर मागून आलेली पाकिटं दारात ताटकळत उभी. तोही तुकडा हरवला तर टीसीपी दर वेळी दुप्पट वाट बघतं. आयटीयूची शिफारस मात्र अशी, की बोलण्यातला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा.

म्हणून माझं मत असं, की गप्पांमध्ये हरवलेलं परत मागत बसू नये. आधीच थोडी जादा शिदोरी द्यावी. 2012 साली प्रमाणित झालेल्या ओपसमध्ये ही सोय आहे: पुढच्या पाकिटात आधीच्या आवाजाची हलकी नक्कल. तीही हरवली तर फट अंदाजाने बुजवायची आणि पुढे जायचं. यूडीपीवर हे जमतं. ओझं थोडं वाढतं, हे खरं. आणि गर्दीमुळेच पाकिटं गळत असतील तर जादा ओझ्याने उलट बिघडतं. तेव्हा कॉलच्या वेळी घरातली मोठी डाउनलोड्स बंद ठेवावीत, हे उत्तम.

काल दादाने व्हीपीएनशिवाय, स्वतःच्या फोनवरून कॉल केला. मध्ये एकदोन अक्षरं गळली. आईच्या लक्षातही आलं नाही. पाऊण तास बोलत होती दोघं.

तुमच्याकडेही कुणाला "कंटाळा" येत असेल, तर रागवायच्या आधी एवढं तपासून बघा मंडळी.