पऱ्हाटीचा भाव बांधावर ठरावा

डिसेंबर उलटला तरी भोकर, हदगावकडच्या शिवारात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्याच असतात. कोणी फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून मिळणाऱ्या बोंडांच्या, आशेने आणखी एक पाणी देतो, कोणी उपटून बांधाला रचतो आणि उन्हाळ्यात पेटवतो. हेक्टरी दोन-तीन टन लाकूड असे धुरात जाते. लाकूडच म्हणायचे, कारण गुणांनी पऱ्हाटी गव्हाच्या काडापेक्षा लाकडाच्याच जवळची.

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याची रीत केव्हाच बसवून दिली. रेझिन, तीन थर, गरम प्रेस हे आपल्या वाचकांना शिकवायला नको. घोडे अडते ते प्रेसच्या अलीकडे. अख्ख्या पऱ्हाट्यांची ट्रॉली म्हणजे बरीचशी हवाच. कारखान्यापर्यंत येईतो डिझेल मालाची किंमत खाते. लातूरकडच्या तुराट्या जोडीला घ्याव्यात, तर त्याही याच दिवसांत निघतात. म्हणजे उन्हाळ्याच्या आत भरायचे आणि मराठवाड्याच्या पावसात सांभाळायचे. सोयाबीनच्या भुस्कटावर मात्र डोळा नको, ते जनावरांच्या तोंडचे आहे.

म्हणून आमचा आग्रह आहे की पऱ्हाट्यांच्या चिप्स करणारा चिपरच शेतात जावा, वजन तिथेच व्हावे आणि पैसे त्याच दिवशी हातात पडावेत. यात कारखान्याच्या सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत बसते आणि रचलेल्या ढिगातून पुढच्या हंगामात पतंग बाहेर पडतात. 2017 साली तिने कपाशीची केलेली नासाडी मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. फरदड घेऊ नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. पण हाताशी पैसा नसलेला माणूस शेवटची दोन बोंडे सोडणार कशी? जानेवारीतच पऱ्हाटीचे पैसे मिळाले, तर तो सोडेल.

अडचणी आहेतच. मुळांना चिकटलेली काळी माती पात्यांची धार घालवते, म्हणून उपटण्यापेक्षा जमिनीलगत कापलेली बरी. सालीचे धागे पात्यांना गुंडाळतात. ओल्या चिप्सचा ढीग आतून तापतो आणि बुरसतो. पसरून वाळवल्याशिवाय गोदामात नेऊ नये.

ज्यांचा चिपर जानेवारीत रिकामा असेल, त्यांनी यंदा एकाच गावात तो चालवून पाहावा. किती वजन भरले, वाळल्यावर किती उरले, वाहतुकीला काय पडले, एवढे आकडे आम्हाला कळवावेत. तोटा आला तरी आम्ही ते छापू.