फवारणीला शिव्या आणि गालात तंबाखू



परवा मोटारीच्या स्टार्टरचं सामान आणायला पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो होतो. दुकानात बार्शीकडचे दोघं शेतकरी भेटले. गावातल्या कुणाच्या तरी कॅन्सरचा विषय निघाला. एक जण तंबाखू मळत म्हणाला, "सगळा फवारणीचा प्रताप!" असं आपण सगळेच म्हणतो. फवारताना तोंडाला फडकं बांधावं, ठरलेले दिवस गेल्याशिवाय माल तोडू नये, यात वाद नाही. पण सगळं खापर फवारणीवर फोडलं की रोज तोंडात जातंय ते नामानिराळं राहतं.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून बार्शी, परंडा, भूम भागातल्या खेड्यांतल्या रुग्णांची नोंद होते. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. पुण्या-मुंबईपेक्षा तिथं कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं. पण गड्यांमध्ये तोंड, घसा, अन्ननलिका पुढं. म्हणजे तंबाखू, गुटखा, दारू जिथनं जाते तीच वाट. २०१२ ला गुटखाबंदी झाली, पुडी अजून मिळतेच. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे सिद्ध झालंय. आणि घरातली मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायचं निमित्त, दिवसातनं चार वेळा बोट तोंडात.

बायकांमध्ये कितीतरी वर्षं गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पहिला राहिला. तो विषाणूमुळं होतो, भाजीपाल्यामुळं नाही. आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला. ज्या गटाची विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या रोगानं झालेले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका तपासणीनं!

आता आपल्या हातातलं. भुईमूग ओला राहिला की बुरशी धरते. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष लिव्हरचा कॅन्सर करतं. भाजलं तरी ते पुरतं जात नाही. आपण चांगल्या शेंगा बाजारात नेतो आणि बुरसट, किडके दाणे घरच्या कुटाला, घाण्याला ठेवतो. पेंड जनावराला घातली की विष दुधात उतरतं. काढणीनंतर ढीग मारू नका. दाण्यात ओल आठ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवा. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. काळा-हिरवा दाणा टाकूनच द्या, जीव तुटला तरी.

बांधावर मेथी, शेवगा, पपई लावा आणि विकून उरलं तर नाही, आधी घरात खा. ताटात भाजी-फळं कमी असली की तोंडाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

माझं मत स्पष्ट आहे. पिकावर ठिपका दिसला की आपण फोटो काढून दहा जणांना विचारतो. गालात पांढरा चट्टा दोन आठवडे राहिला तर मात्र गप्प बसतो. डॉक्टरला दाखवा. घरातल्या तिशीपुढच्या बाईची तपासणी करून घ्या, ती स्वतःहून म्हणणार नाही.

तुमच्याकडं शेंगा वाळवायची काय सोय आहे, ते खाली लिहा.