तासातून काय काढायचे?

२०२०च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा ऑनलाइन वर्ग ही नाइलाजाची सोय होती. शाळा उघडल्या तरी ती सोय राहिली. नववी-दहावीचे व्हॉट्सअ‍ॅप गट चालू आहेत, बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावर नेतात आणि ऑनलाइन आणि वर्गातील शिकवणे या दोन्ही पद्धतींचा मेळ घाला, असे २०२०चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही सांगते. तो मेळ क्वचितच बसतो. शिक्षक रात्री अपवर्तनाचा व्हिडिओ गटावर टाकतात आणि सकाळी तोच धडा पहिल्यापासून फळ्यावर शिकवतात. ज्याने व्हिडिओ पाहिला तो कंटाळतो, ज्याने पाहिला नाही त्याचे काही अडत नाही. आठवड्याभरात दोघेही पाहणे सोडतात.

अमेरिकेत कोलोरॅडोतील वुडलंड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक २००७च्या सुमारास आपले तास चित्रित करू लागले, ते गैरहजर मुलांसाठी. पुढे त्यांनी वर्गात व्याख्यान देणेच थांबवले. मुले स्पष्टीकरण घरी ऐकत, तासाला गणिते आणि प्रयोग करत, शिक्षक त्यांच्यामधून फिरत. चित्रीकरण त्यातल्या त्यात सोपे. तासातून व्याख्यान काढायला धाडस लागते. आपल्याकडे ते झाले तर काचेच्या ठोकळ्यातून जाणारा किरण टाचण्या लावून शोधायला आणि चिन्ह चुकलेले गणित जागच्या जागी सुधारायला सवड मिळेल.

अडचण घरच्या फोनची. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण २० टक्के. उरलेल्या घरांत फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी अनेकदा आधी भावाच्या हाती पडतो. तेव्हा व्हिडिओ पाहण्याचे काम सगळे घरावर ढकलू नये. आठवड्यातला एखादा तास शाळेच्या संगणक कक्षात त्यासाठीच ठेवावा, व्हिडिओ आधी उतरवून ठेवावेत, म्हणजे रेंजची वाट पाहायला नको. (‘मुले बिघडवतील’ म्हणून त्या कक्षाला बाहेरून कुलूप घालणाऱ्या शाळाही आहेत.) व्हिडिओ दहा मिनिटांचा पुरे, शक्यतो वर्गावरच्याच शिक्षकाच्या आवाजातला.

तपासणीला येणारे अधिकारी ‘किती धडे झाले’ एवढेच विचारत राहिले, तर कोणताही शिक्षक फळा सोडणार नाही. दैनिक टाचणात ‘मुलांनी तासाला काय सोडवले’ असा रकाना असावा आणि अधिकाऱ्यांनी तो आधी वाचावा.