जनित्राचा व्यायाम आणि नोंदवहीतले ‘ठीक’

गेल्या जून महिन्यातील एका संध्याकाळची ही हकिकत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर माळव्यात जशी वावटळ उठते तशी ती उठली, रस्त्याकडेचा एक जुना कडुनिंब वीजवाहिनीवर आडवा झाला आणि लोकमान्यनगरच्या बाजूचा आमचा सारा भाग अंधारात बुडाला. आमची इमारत पाच मजल्यांची. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि प्रत्येक घरातील एखाददुसरी जोडणी यांसाठी आवाराच्या कोपऱ्यात ६२.५ के.व्ही.ए.चे डिझेल जनित्र बसविलेले आहे. वीज गेल्यावर पंधरा सेकंदांत ते आपोआप सुरू होते, असे घर घेताना प्रत्येकाला मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्या संध्याकाळी पंधरा सेकंद गेले, मिनिट गेले. चौकीदाराने धावत जाऊन कळ दाबली. जनित्र दोनदा खाकरले आणि गप्प झाले.

चौथ्या मजल्यावर एक वृद्ध आजी राहतात. त्यांची फुप्फुसे थकली आहेत. कॉन्सन्ट्रेटर नावाचे यंत्र खोलीतील हवेतून प्राणवायू वेगळा करून त्यांना पुरविते, आणि ते यंत्र विजेवर चालते. घरात जोड म्हणून सिलिंडर होता, पण त्याचा काटा निम्म्याच्याही खाली उतरलेला. इमारतीतील चार तरुणांनी दुसरा सिलिंडर कोठून तरी मिळविला आणि विजेरीच्या उजेडात चार जिने चढवून वर नेला. वीज यायला पावणेतीन तास लागले. आजी सुखरूप राहिल्या, हे आधीच सांगून टाकतो. परंतु त्या पावणेतीन तासांत त्यांच्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. कारण त्या वर्षी इमारतीच्या समितीचे सचिवपद आमच्याकडे होते.

शाळेचा मुख्याध्यापक म्हटला की तो नोंदवह्या नीट ठेवील, अशी लोकांची समजूत असते. आमची नोंदवही खरोखरच नीट होती. दर सोमवारी तीत ‘जनित्र तपासले, ठीक’ अशी नोंद होत असे आणि तिच्याखाली आमची सही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने पॅनलवरील एका लहानशा खिडकीकडे बोट दाखविले. यंत्र एकूण किती तास चालले हे सांगणारा तो तास-मापक. त्यावर ४१२.६ हा आकडा होता. मागील जुलैमध्ये दुरुस्ती करणाऱ्याने दिलेल्या पावतीवरही ४१२.६ हाच आकडा होता! नोंदवहीत ४७ सोमवारी ‘ठीक’, आणि यंत्र एक मिनिटही चाललेले नव्हते.

चौकीदाराला विचारले. तो म्हणाला, “साहब, बत्ती जाती है तो दो मिनट में आ जाती है. फिर मशीन किसके लिए चलाऊँ?” दोन मिनिटांसाठी डिझेल कशाला जाळा, म्हणून त्याने पॅनलवरील कळ ‘स्वयंचलित’वरून ‘हस्तचलित’वर आणून ठेवली होती. आम्हाला राग आला. पण त्याच्या प्रश्नात इंदूरचा पंचवीस वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, हे मागाहून ध्यानी आले.

वाचकांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची मोठी औष्णिक केंद्रे त्या राज्यात गेली. पुढील दोन-तीन वर्षे मध्य प्रदेशाने विजेची जी टंचाई भोगली तिने २००३ ची विधानसभा निवडणूक गाजविली. इंदूरच्या बाजारपेठांत दुकानागणिक जनित्रांची फटफट चाले आणि धुराने जीव कासावीस होई. नंतर नर्मदेवर इंदिरासागरचा १,००० मेगावॅटचा आणि ओंकारेश्वरचा ५२० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, २०१३ मध्ये अटल ज्योती अभियानातून चोवीस तास विजेची योजना आली आणि जनित्रे हळूहळू मुकी झाली. ही आनंदाचीच गोष्ट. पण तिच्यात एक गोम आहे. टंचाईच्या काळात जनित्र रोज चाले, म्हणून ते ऐन वेळी सहसा दगा देत नसे. बिघडले तर दुसऱ्याच दिवशी कळे. वीज नियमित झाली, आणि नेमके त्यामुळेच जनित्र भरवशाचे राहिले नाही. जो आधार रोज लागत नाही, तो न वापरल्यानेच खचतो.

तो कसा खचतो, हे मिस्त्रीने आम्हाला एकेक भाग उघडून दाखविले. पहिली गोष्ट बॅटरी. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मोजली तर १२.६ च्या आसपास भरते. आमची ११.४ भरली. तिला सतत भरत राहणाऱ्या चार्जरचा फ्यूज केव्हा तरी उडाला होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. जनित्र सुरू न होण्याच्या तक्रारींत सर्वांत अधिक वेळा दोषी निघते ती ही बॅटरीच. दुसरी गोष्ट डिझेल. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील ओल साचते, तळाशी पाणी उतरते, त्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ गाळणीत अडकतो. तिसरी गोष्ट तेल. एंजिन निश्चल राहिले की आतील भागांवरील तेलाचा पातळ थर खाली ओघळतो, गंज धरू लागतो, रबरी वायसर कडक होतात. शिवाय अशा उबदार, निवांत जागी उंदीर बिऱ्हाड करतात आणि तारा कुरतडतात, तो भाग वेगळाच. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हसतात. आम्ही विहीर खणून ठेवली होती. गाळ मात्र कधी उपसला नव्हता.

यावर उपाय म्हणून मिस्त्रीने एक्झरसायझर नावाचा लहानसा भाग बसविण्याचे सुचविले. तो समजण्यासाठी आधी ऑटोमॅटिक ट्रान्स्फर स्विच समजावा लागतो. हा स्विच म्हणजे वीजमंडळाची वीज आणि जनित्राची वीज यांच्या मध्ये बसलेला द्वारपाल. बाहेरची वीज गेली की तो काही सेकंद वाट पाहतो, एंजिनाला सुरू होण्याची आज्ञा देतो, व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची आवर्तने स्थिर झाली की इमारतीचा भार जनित्रावर टाकतो. बाहेरची वीज परतली की ती टिकते की नाही हे काही मिनिटे पाहून भार परत नेतो, आणि एंजिनाला थोडा वेळ रिकामे फिरवून, थंड करून बंद करतो. दोन्ही विजा एकाच वेळी कधीही जोडल्या जाऊ नयेत, अशी त्यात यांत्रिक अटक असते. ती नसेल तर जनित्राची वीज उलट रोहित्रात शिरून उच्च दाबाने वाहिनीवर चढेल आणि बिचारा खांबावर काम करणारा लाइनमन प्राणास मुकेल.

एक्झरसायझर हे या द्वारपालाला जोडलेले घड्याळ होय. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटे ते एंजिनाला चालवून आणते. नव्या पॅनलांच्या नियंत्रकात ही सोय बहुधा मुळातच असते. आमचे पॅनल जुने, म्हणून ती वेगळी बसवावी लागली. बसविताना मिस्त्रीने जी सावधगिरी घेतली ती सांगण्याजोगी आहे. त्याने प्रथम नियंत्रक ‘बंद’वर आणला, मग बॅटरीची ऋण तार सोडविली, कारण या पेटीला दोन बाजूंनी वीज येते, आणि बाहेरची तोडली की वीज गेली असे समजून जनित्र आपणहून सुरू होण्याचा संभव असतो. त्यानंतर त्याने बाहेरची वीज पॅनलच्या अलीकडे तोडली, मापकाने खात्री केली आणि मगच आत हात घातला. तळहाताएवढा तो भाग, त्याला बॅटरीची जोडणी आणि एंजिन सुरू करण्याच्या संपर्काला समांतर दोन तारा. काम तासाभराचे, पण ते परवानाधारक तंत्रज्ञानेच करावे. हौशी हाताने यात पडू नये.

समितीच्या सभेत अर्थातच वाद झाला. आता वीज जात नाही, मग दर आठवड्याला डिझेल का जाळायचे, असा एका सभासदांचा सवाल होता. आम्ही त्यांना ३० जुलै २०१२ च्या रात्रीची आठवण दिली. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी आपल्याच प्रदेशातील बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि तिच्यामागोमाग सारे उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी गेली. सुमारे साठ कोटी लोक विजेविना राहिले. पश्चिमेचे जाळे तगले म्हणून इंदूर वाचले. मुंबईसारखे शहरही १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी असेच ठप्प झाले. मोठा बिघाड झाल्यास मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून तिची स्वतःची वीज राखणारी एक व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. त्या सकाळी ती कामाला आली नाही. तेव्हा वीज सहसा जात नाही, हे जनित्र न चालविण्याचे कारण नव्हे. ते चालवून पाहण्याचे कारण आहे.

दुसरा वाद भाराविषयी. एंजिन रिकामे फिरविले तरी पुरे, निदान लिफ्ट क्षणभर थांबणार नाही, असे काहींचे म्हणणे. परंतु रिकाम्या डिझेल एंजिनाची उष्णता पुरेशी वाढत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी आत व धुराड्यात साचते. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे ११० क्रमांकाचे मानक सांगते की डिझेल जनित्र महिन्यातून एकदा किमान तीस मिनिटे, क्षमतेच्या किमान तीस टक्के भारावर चालवावे. आमचे जनित्र ५० किलोवॅटचे, म्हणजे भार १५ किलोवॅट हवा. अखेर असे ठरले की दर रविवारी सकाळी अकराला पंधरा मिनिटे रिकामे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास खऱ्या भारासह, पंप व लिफ्ट चालू ठेवून. वेळ मुद्दाम दिवसाची, माणसे घरी असतानाची निवडली. यंत्राने मध्यरात्री व्यायाम केला आणि ते सुरूच झाले नाही, तर ते पाहणार कोण?

हेच खरे मर्म आहे. घड्याळ एंजिन सुरू करील. पण त्याला डिझेलचा वास येत नाही, गळणारे तेल दिसत नाही. म्हणून नोंदवही राहिलीच. मात्र आता तीत ‘ठीक’ हा शब्द लिहिण्यास मनाई आहे. बॅटरीचे व्होल्ट, तेलाचा दाब, आवर्तने, डिझेलची पातळी आणि तास-मापकाचा आकडा एवढेच लिहायचे. ‘ठीक’ खोटे असू शकते. मागील रविवारपेक्षा न वाढलेला आकडा आपण होऊन बोलतो. चौकीदाराला आम्ही दोष दिला नाही. त्याने न पाहता लिहिले, आम्ही न पाहता सही केली. दोहोंत मोठा अपराध सही करणाराचा.

ज्या वाचकांकडे जनित्र नाही, त्यांच्याकडे इन्व्हर्टर तरी असेलच. महिन्यातून एकदा मुख्य कळ बंद करून तो अर्धा तास चालवून पाहावा, बॅटरीतील पाण्याची पातळी पाहावी. ज्यांच्याकडे लहान, हलवता येणारे जनित्र आहे त्यांनी ते घरात, बंद गच्चीत किंवा जिन्याखाली कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. आणि घरात प्राणवायूवरचा रुग्ण असेल तर सिलिंडरचा काटा दर आठवड्याला डोळ्यांनी पाहावा.

त्या प्रसंगानंतरच्या सोमवारी आम्ही शाळेत गेलो, तेव्हा वर्गाकडे न वळता प्रथम जिन्याजवळच्या लाल अग्निशामक नळकांड्यापाशी थांबलो. वर्षानुवर्षे त्याच्यावरून आम्ही ये-जा करीत आहोत. त्याच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी होती. धूळ पुसून वाचली. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या पार खाली होता, आणि चिठ्ठीवर अक्षर होते ‘ठीक’. खाली सही आमचीच.